निम्मी वीज वाया जाते, बरं मग?

पुण्याचे एक निवृत्त विद्युत अभियंता स्नेही दर मे महिन्यात आंब्यासाठी रत्नागिरीला येतात आणि जाताना पेट्या घेऊन जातात, मत ठेवून जातात. यंदाचं मत असं: बिनतारी चार्जिंग हा नुसता चाळा आहे, तारेतून जी वीज जवळपास सगळी पोचते, ती हवेतून पाठवून निम्मी घालवायची, याला अभियांत्रिकी म्हणत नाहीत. माझ्याच खोलीत बसून, माझ्याच टेबलावरच्या चार्जिंगच्या चकतीकडे बोट दाखवून त्यांनी हे सांगितलं. वर सल्ला दिला, ‘चांगल्यातला कनेक्टर लाव, प्रश्न मिटला.’ मी गप्प बसलो. घरी आलेल्या माणसाशी आमरसाच्या वाटीवरून भांडू नये. आता ते पुण्यात आहेत.

माझा धंदा लहान यंत्रांचा. दुरुस्ती, आणि बागायतदारांना, बोटवाल्यांना लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू जोडून देणं. दुरुस्तीला जे येतं त्यातलं फार थोडं आतून बिघडलेलं असतं. आयसी शाबूत, बॅटरी बरी, आणि चार्जिंगचं भोक मेलेलं. परवाच मिरकरवाडा बंदरातल्या एका बोटीवरची टॉर्च आली. भिंगाखाली धरली तर मायक्रो-यूएसबीच्या पाच पिनांपैकी पहिली, म्हणजे पाच व्होल्टची, बुडापासून खाल्लेली. तिच्या जागी निळसर हिरवी पूड. पाचवी, ग्राउंडची, जवळजवळ नवी. हा नुसता गंज नव्हे. खाऱ्या ओलीत पाच व्होल्ट सोडले की धन बाजूचं तांबं विरघळून ऋण बाजूकडे निघतं. मोरचुदाच्या पाण्यात दोन पट्ट्या बुडवून शाळेत केलेला हा प्रयोग इथे प्रत्येक ओल्या सॉकेटात रोज चाललेला असतो.

स्नेही म्हणतील, म्हणून तर सोन्याचा मुलामा असलेला कनेक्टर घे म्हणतो. आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून त्या कल्हई करून घेत, आणि कल्हई उडाली की पुन्हा कल्हईवाल्याची वाट बघत. कनेक्टरवरचं सोनं हीसुद्धा कल्हईच, फक्त पुन्हा लावता न येणारी. दर वेळी पिन आत-बाहेर होते तेव्हा थोडी घासली जाते, खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं, आणि खारे वारे तिथूनच सुरुवात करतात. पुण्याच्या कोरड्या हवेत हे व्हायला वर्षं लागत असतील. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा कुरकुरीत राहत नाही.

जलरोधक कनेक्टर मिळतात, हे मान्य. पण त्यांच्यावरचा आयपी आकडा बहुतेक वेळा टोपण नीट बसवलेल्या अवस्थेतला असतो. रोज चार्ज करायच्या वस्तूचं टोपण रोज उघडतं, आणि पहाटे बंदरात ते उघडणाऱ्या खलाशाचे हात जाळ्यावरून आलेले असतात. रबरी टोपणाची शेपटी पहिल्याच हंगामात तुटते. उरतं ते उघडं भोक. माझं सगळं म्हणणं या भोकाभोवती आहे. ज्या वस्तूला भोकच नाही तिच्यात खारी हवा शिरणार कुठून?

आता त्यांच्या टक्क्यांकडे. टक्के कशाचे, हे विचारल्याशिवाय टक्क्यांना घाबरू नये.

आंब्याच्या बागेत टांगायचा तापमान-आर्द्रतेचा नोंदक घ्या. पंधरा मिनिटांनी एकदा दोन सेकंद जागा होतो, तेव्हा साधारण २० मिलिअँपिअर घेतो; एरवी झोपेत १० मायक्रोअँपिअर. सरासरी काढली तर ५५ मायक्रोअँपिअरच्या आत, म्हणजे दिवसाला १.३ एमएएच. मोहोराच्या तयारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत सहा महिने धरले तर ३०० एमएएचची बॅटरी एकदा भरली की हंगाम निघतो. ती भरायला पाच व्होल्टच्या बाजूला दीड वॅट-तास लागतात. बिनतारी जोडीत निम्मी वीज गेली असं धरा, तर भिंतीतून तीन वॅट-तास ओढले जातील. वाया गेले दीड. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. म्हणजे असे साडेसहाशे नोंदक भरले तेव्हा कुठे माझ्या उधळपट्टीचं एक युनिट होणार.

टॉर्च मोठी आहे, तिचा हिशेब वेगळा करू. २००० एमएएचची बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली आणि रोज भरली तर तारेपेक्षा दहा वॅट-तास जास्त जातील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. उरलेले तीनशे दिवस धरले तर वर्षाला तीनेक युनिट. एवढ्यासाठी दर पावसाळ्यात एक टॉर्च कचऱ्यात टाकायची, आणि त्या टॉर्चमधलं तांबं, लिथियम, प्लॅस्टिक, आणायचं भाडं यांत गेलेली वीज मोजायचीच नाही, हा कुठला काटकसरीचा हिशेब?

एका बाबतीत मात्र स्नेह्यांचं खरं आहे, आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं म्हणून मीच सांगतो. उधळपट्टी चार्जिंगमध्ये होत नाही, रिकाम्या चकतीत होते. बाजारात मिळणारं बारा व्होल्ट आत, पाच व्होल्ट बाहेर असं स्वस्त मोड्यूल समोर काही नसतानाही चालूच राहतं. मी मोजलेल्या एकाने रिकामं असताना ५० मिलिअँपिअर घेतले, म्हणजे ०.६ वॅट. वर्षभर प्लग तसाच ठेवला तर पाच युनिट. टॉर्चच्या चार्जिंगमध्ये वाया जाणाऱ्या विजेपेक्षा हे जास्त. उपाय काही रुपयांचा आहे: चकतीच्या वाटेत एक रीड स्विच आणि वस्तूच्या बुडात एक छोटं चुंबक. वस्तू ठेवली की चकती सुरू, उचलली की बंद. चुंबक कडेला ठेवावं, कॉइलच्या मधोमध नको, नाहीतर कॉइलमागची फेराइटची चकती त्या चुंबकानेच भरून जाते आणि तिचा उपयोग राहत नाही. रीड स्विच छोटा असेल तर त्यातून थेट चकतीचा प्रवाह नेऊ नये, मध्ये एक मॉसफेट घालावा. संपर्क चिकटून बसले की पुन्हा तेच पाच युनिट.

आणखी एक कबुली. ज्या वस्तूला साधा सेल दोन-तीन वर्षं पुरतो तिला बिनतारी चार्जिंग लावणं ही निव्वळ हौस. वरच्या नोंदकाला दोन चांगले पेन्सिल सेल घातले तर तो काही हंगाम सहज काढेल, आणि नोंदक ज्या बरणीत बंद असतो ती उघडून सेल बदलायला बागायतदार तयार असेल तर मी सेलच देतो. बिनतारी जोडीची खरी जागा मधली आहे: सेल महिन्याभरात संपवणारी, पण भिंतीला कायमची बांधून ठेवता न येणारी वस्तू. बोटीवरचा दिवा, जाळ्याच्या बोयावरचा लुकलुक दिवा, कमरेला लावायचा ट्रॅकर. बोटींवर अशी उपकरणं वाढतच चालली आहेत. एक लाख मासेमारी बोटींना ट्रान्सपाँडर देण्याच्या केंद्राच्या योजनेची सुरुवातसुद्धा ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरला झाली.

‘हवेतून वीज’ हे शब्द ऐकले की काहींना टेस्ला आठवतो, १८९९ चं कोलोरॅडो स्प्रिंग्ज आठवतं, आणि मग हे सगळंच थोतांड वाटतं. त्यांनी आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बघावा. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर जी लहर सोडतो तिच्यातूनच तो चिपपुरती वीज उचलतो आणि उत्तर देतो. आमचे स्नेही पुण्याहून येताना अशीच बिनतारी वीज वापरत इथवर आले आणि मग ती कशी निरर्थक आहे ते त्यांनी मला सांगितलं.

इथवर त्यांच्याशी भांडण झालं. पण बिनतारीच्या बाजूने उभे राहणारे मला जास्त त्रास देतात. प्रोजेक्ट करणारी मुलं येतात, त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘सर, किती वॅटचं घेऊ?’ आणि उत्तरही त्यांच्याजवळच असतं: जास्तीत जास्त. वस्तूला लागतात ५० मिलिवॅट आणि आणतात वीस वॅटचं मोड्यूल, पुढे लागलं तर असावं म्हणून. पाहुणा एक आणि तांदूळ पायलीभर.

वॅटचा आकडा शेवटी बघायचा. आधी बघायचं अंतर. कॉइलच्या अक्षावरचं चुंबकीय क्षेत्र दूर गेलं की अंतराच्या घनाने उतरतं. कॉइलच्या त्रिज्येइतक्या अंतरावर ते मधल्याच्या पस्तीस टक्के राहतं, दुप्पट अंतरावर नऊ टक्के. त्यातून एक उपयोगाचा नियम निघतो: वेढे आणि प्रवाह तेच ठेवले, तर ठरावीक अंतरावर सर्वांत जोरकस क्षेत्र देणाऱ्या कॉइलची त्रिज्या त्या अंतराच्या सुमारे १.४ पट असते. बरणीचं बूड आणि मधली फट मिळून दहा मिलिमीटर असेल तर २८ मिलिमीटर व्यासाची कॉइल पुरते. मोड्यूलबरोबर येणारी चाळीसेक मिलिमीटरची चालून जाते. पण फट तीस मिलिमीटर झाली की व्यास ८५ मिलिमीटर हवा. तिथे मुलं वॅट वाढवतात, चकती तापते, वस्तूला मात्र काही पोचत नाही. २००७ मध्ये एमआयटीतल्या मंडळींनी दोन मीटरवरचा साठ वॅटचा दिवा पेटवला, चाळीसेक टक्के वीज पोचवून. त्यांच्या कॉइल साठ सेंटिमीटर व्यासाच्या होत्या, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही.

मोठी कॉइल स्वतः गुंडाळता येते. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात इनॅमलची बारीक तार मिळते. एक जाड तार न घेता दहा-पंधरा बारीक तारांचा पीळ करावा, कारण ही मोड्यूल चालतात त्या शंभरेक किलोहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.२ मिलिमीटरमध्येच वाहतो, आतलं तांबं फुकट. पण कॉइल बदलली की सूर, म्हणजे अनुनादाची वारंवारता, बदलतो. २४ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर यांचा सूर १०३ किलोहर्ट्झच्या आसपास लागतो. कॉइल दुप्पट हेन्रीची झाली आणि कपॅसिटर तोच ठेवला तर तो ७३ वर उतरतो, आणि मग ‘मोड्यूल खराब निघालं’ म्हणून दुकानदाराला शिव्या. कपॅसिटर निम्मा करा, सूर परत जागेवर. तोही पॉलिप्रॉपिलिन फिल्मचा घ्या. स्वस्त सिरॅमिक हात लावता येणार नाही इतका तापतो.

कमी विजेच्या वस्तूंची खरी गोम पुढे आहे आणि ती मी पैसे घालवून शिकलो. स्वतः गुंडाळलेल्या रिसीव्हर कॉइलला ब्रिज जोडला, चकतीवर चिकटवून ठेवला आणि भार म्हणून झोपलेला नोंदक लावला. पाच व्होल्ट अपेक्षित होते, मीटरने तेवीस दाखवले. मीटर खोटं बोलतोय असं मी मनाशी म्हणतोय तेवढ्यात सोळा व्होल्टचा कपॅसिटर टप् करून उडाला आणि खोलीत तो ओळखीचा वास सुटला. मोठा भार असता तर त्याने व्होल्टेज खाली ओढून धरलं असतं. पण आपली वस्तू मायक्रोअँपिअर पिणारी, तिला ते आवरत नाही. तेव्हापासून ब्रिजनंतर एक झेनर, त्यापुढे जास्त इनपुट सोसणारा रेग्युलेटर, आणि दोन कॉइलमध्ये मुद्दाम पाचेक मिलिमीटरची फट. मोड्यूलला चालत असेल तर ट्रान्समीटरला बाराऐवजी नऊ व्होल्ट. लोक वीज वाढवायच्या खटपटीत असतात; इथे कौशल्य ती कमी करण्यात आहे.

उलट्या टोकाची चूक चार्जिंगच्या चिपमध्ये होते. सगळीकडे मिळणारी ती छोटी निळी टीपी४०५६ ची पट्टी एक अँपिअरने चार्ज करायला बसवलेली असते, कारण तिच्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. रिसीव्हर देणार तीनशे मिलिअँपिअर. चिप एक अँपिअर मागते, व्होल्टेज कोसळतं, चिप बंद पडते, व्होल्टेज परत वर येतं, चिप पुन्हा मागते. लाल दिवा लुकलुकत राहतो आणि बॅटरी रात्रभरात इंचभरही भरत नाही. तो १.२ चा दाणा काढून १० किलोओहमचा लावला की मागणी १३० मिलिअँपिअरवर येते. ३०० एमएएचच्या बॅटरीलाही तेच मानवतं. सोल्डरिंगचं दोन मिनिटांचं काम. ते न करता दुसरं, आणखी मोठं मोड्यूल मागवलेली तीन मुलं मी याच वर्षी पाहिली.

मग क्यूआय की साधं मोड्यूल? क्यूआय हे फोनच्या बिनतारी चार्जिंगचं मानक, २०१० सालचं, सुरुवातीला पाच वॅटचं. त्याची चकती आधी विचारते, समोरचा रिसीव्हर उत्तर देतो, मगच वीज सुटते. मध्ये नाणं किंवा किल्ली आली तर ती ओळखायची सोय असते. स्वस्त मोड्यूलला यातलं काही कळत नाही, त्यावर ठेवलेलं नाणं तापतच जातं. त्यामुळे वस्तू दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर मी क्यूआय रिसीव्हरच घालतो. खलाशाच्या घरी फोनची चकती असेल तर टॉर्च तिच्यावरच ठेवता येते. मात्र अगदी हलक्या भाराला चकती आणि रिसीव्हर यांचं बोलणं तुटतं आणि चकती चालू-बंद करत बसते, म्हणून चार्जिंग सुरू असेपर्यंत थोडा खोटा भार द्यावा लागतो. नोंदक फक्त माझ्याच टेबलावर चार्ज होणार असेल तर साधं मोड्यूल आणि रीड स्विच, पुरे. नुसतं फोन टेकवून आकडा वाचायचा असेल तर १३.५६ मेगाहर्ट्झचा एनएफसी टॅग त्या क्षणापुरते काही मिलिवॅट फोनकडूनच घेतो, तिथे बॅटरीही नको.

ओल्या चकतीवर वस्तू ठेवली तर, हा बोटवाल्यांचा हमखास प्रश्न. समुद्राचं पाणी वीज वाहतं खरं, पण शंभर किलोहर्ट्झचं क्षेत्र त्यात साधारण सत्तर सेंटिमीटर गेल्यावर एक तृतीयांशाच्या थोडं वर राहतं. बुडाखालच्या दोन मिलिमीटर खाऱ्या पाण्याने त्याला काय होणार? एनएफसीच्या लहरीला मात्र सहा सेंटिमीटरच पुरतात, आणि ब्लूटूथ तर सेंटिमीटरभरातच दमतो. ओल नको ती कनेक्टरला; शंभर किलोहर्ट्झच्या कॉइलला ती दिसतच नाही.

स्नेह्यांनी जाताना दारात एक मुद्दा टाकला होता, त्यांच्या सगळ्या बोलण्यात तोच मला लागला: वस्तू एपॉक्सीत गाडली की बॅटरी मेल्यावर ती फेकूनच द्यायची. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी गाडत नाही. सर्किट आणि कॉइल एपॉक्सीत, बॅटरी वेगळ्या कप्प्यात, वर रबरी रिंग आणि स्टेनलेस स्क्रूंचं झाकण. तीन-चार वर्षांतून एकदा, कोरड्या दिवसांत, टेबलावर उघडायचं. रोज उघडणारं टोपण आणि तीन वर्षांनी उघडणारं झाकण यांत फरक आहे. पण रिंग बदलायला विसरलो तर माझीही वस्तू आतून हिरवी होते; एक झालीही आहे, ती वरच्या फळीवर ठेवली आहे.

आणि लोखंडी पत्र्याच्या डब्यापुढे माझं काही चालत नाही. फायबरच्या किंवा लाकडी बोटीत भिंतीपलीकडून कॉइलला कॉइल दिसते. पत्रा आला की क्षेत्र त्याच्यातच फिरून त्याला तापवतं. शंभर किलोहर्ट्झला मिलिमीटरभर ॲल्युमिनियमसुद्धा आडभिंतीसारखं उभं राहतं. गेल्या पावसाळ्यापूर्वी एका ट्रॉलरवाल्याने लोखंडी पेटीत बसवलेला दिवा आणला, बिनतारी करून द्या म्हणाला. त्याला मी तार दिली, सॉकेट पेटीच्या खालच्या अंगाला, तोंड जमिनीकडे, आणि वर ग्रीसचं बोट.